देवळातला गल्ला

(वसईतल्या एका पॅरिशच्या सणाआधीचा हा संवाद. मामा बँकेतून निवृत्त झालेले, पॅरिशच्या अर्थसमितीत हिशेब सांभाळणारे. भाची लंडनच्या रुग्णालयात नर्स, सुट्टीवर गावी आलेली. दोघेही नेमाने मिस्सेला जाणारे. तेव्हा वाद श्रद्धेचा नाही. देवळात पैशाने कुठवर यावं, एवढाच आहे. व्यक्ती कल्पित, प्रश्न खरा.)

भाची : मामा, रविवारी मिस्सेला आले तर देवळाच्या पडवीत बिल्डरचा स्टॉल. पवित्र पाण्यात बोट बुडवायच्या आधी टू बीएचकेचं पत्रक हातात. वर तो मुलगा म्हणतो, ‘हॅपी फीस्ट, मॅडम, साइट व्हिजिटला गाडी पाठवू का?’ हे तुमच्या समितीला दिसलं नाही?

मामा : दिसलं ना. परवानगीच्या कागदावर सहीच माझी आहे. त्या एका स्टॉलच्या भाड्यात सणाचा मांडव आणि साउंड सिस्टिम निघते. आता पुढचं ऐक. छप्पर दोन पावसाळे गळतंय. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या साक्रिस्तानचा पगार, विजेचं बिल, रंगकाम, दफनभूमीची भिंत. आणि दानाच्या पिशवीत येतात दहाच्या नोटा. हॉटेलात वेटरला पन्नास ठेवणारा माणूस देवाला दहा टाकतो, बाय. हिशेब मी लिहितो, म्हणून मला माहीत.

भाची : म्हणून देवळाची पडवी भाड्याने द्यायची? येशूने आयुष्यात एकदाच हातात कोरडा घेतला, तो कुठे? मंदिरातल्या बाजारात. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे. चौघांनाही सांगाव्याशा वाटलेल्या गोष्टी फार नाहीत.

मामा : प्रसंग चौघांनी सांगितला, खरं. पण त्या बाजारात काय विकलं जात होतं, तेही बघ. बैल, मेंढरं, कबुतरं. म्हणजे यज्ञबलीची जनावरं. गालीलातून कित्येक दिवस चालत येणाऱ्या शेतकऱ्याने निर्दोष मेंढरू वाटेत सांभाळत आणायचं कसं? सराफ का बसले होते? मंदिराचा कर टायर शहराच्या चांदीच्या नाण्यांत घेत, कारण त्या चांदीचा कस चोख. गंमत अशी की त्या नाण्यावर टायरच्या परक्या दैवताचं डोकं होतं, तरी मंदिराला चालत होतं. लूक सांगतो, बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी पक्ष्यांची जोडी अर्पण केली. गरिबांसाठी नियमशास्त्रात ठरवून दिलेलं ते अर्पण होतं. ती जोडी त्यांनी नाझरेथहून पिंजऱ्यात घालून आणली असेल, असं वाटतं तुला? कोणीतरी ती विकलीच असणार.

भाची : विक्रीला माझी हरकतच नाही. माझी हरकत जागेला आहे. हा बाजार परराष्ट्रीयांच्या अंगणात भरत असे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. यहुदी नसलेल्या माणसाला मंदिरात तिथपर्यंतच यायची मुभा होती. त्यापुढे दगडी कठडा, आणि कठड्यावर ग्रीक भाषेत ताकीद : परका कोणी आत आला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. ही ताकीद कोरलेली शिळा १८७१ मध्ये येरुशलेमला सापडली, आज ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. आता त्या परक्याच्या बाजूने विचार करा. प्रार्थनेसाठी त्याला एकच अंगण, आणि त्यातच बैलांचं शेण आणि सराफांची घासाघीस. मार्कच्या शुभवर्तमानात येशू तिथे यशयाचा आधार घेतो : हे घर सर्व राष्ट्रांच्या प्रार्थनेसाठी आहे. ‘सर्व राष्ट्रं’ का म्हणाला तो? कारण बाजाराने जागा खाल्ली होती ती नेमकी बाहेरच्या माणसाची.

मामा : हे मात्र पटण्यासारखं आहे. पण बिल्डरच्या स्टॉलने कोणाची जागा खाल्ली? पडवी मोठी आहे.

भाची : आपल्या पडवीत कोण थांबतं, मामा? बाळ रडतं म्हणून बाहेर आलेली आई. उशिरा आलेला रिक्षावाला. आत यायला बिचकणारा हिंदू शेजारी. खूप वर्षांनी देवळाकडे फिरकलेला आणि अजून मन घट्ट न झालेला माणूस. पुढच्या बाकावरच्यांना त्या स्टॉलचा काही त्रास नाही. तो त्रास पडवीतल्यांनाच.

मामा : बरं. पण तू असं बोलतेस, जणू हे पाप आम्हीच शोधून काढलं. मध्ययुगात इंग्लंडच्या गावोगावी देवळाच्या फंडासाठी बिअर गाळून विकत आणि ती जत्रा कित्येकदा देवळातच भरे. गावाला दुसरी मोठी इमारतच नव्हती. आणि तुझ्या लंडनच्या सेंट पॉल्समध्ये काय चालायचं? आजची इमारत नव्हे, १६६६ च्या आगीत गेलेली जुनी. तिच्या मधल्या दालनात वकील अशिलांना भेटत, नोकर शोधणारे आणि नोकरी शोधणारे तिथेच जमत, शहरभरच्या बातम्या तिथेच पिकत.

भाची : आणि म्हणूनच १५५४ मध्ये लंडनच्या नगरसभेला कायदा करावा लागला. बिअरची पिंपं, मासळीच्या आणि पावाच्या टोपल्या घेऊन देवळातून जायचं नाही, घोडी-खेचरं आतून न्यायची नाहीत. लोकांनी देवळाचा आडरस्ता केला होता. त्याआधी १२८५ मध्ये राजा पहिल्या एडवर्डच्या विन्चेस्टरच्या कायद्याने देवळाच्या आवारातल्या जत्रा आणि बाजार बंद केले होते. बाजार भरायचा हे खरं, तितकंच तो खुपायचा हेही खरं. येशूनेसुद्धा सामान घेऊन मंदिरातून पलीकडे जाणाऱ्यांना अडवलं, असं मार्क लिहितो. मासळीची टोपली अपवित्र नसते. आपण देवळातून जातोय याचं भान सुटतं, ते वाईट.

मामा : तुझ्या बोलण्यात व्यापार म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं, असा सूर लागतो, तो मला खटकतो. आपला संत गोन्सालो गार्सिया. वसईचा जन्म, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. फ्रान्सिस्कन ब्रदर होण्याआधी तो कोण होता? व्यापारी. पूर्वेकडच्या बंदरांत त्याने चांगला जम बसवला होता. पुढे फ्रान्सिस्कन मिशनरी जपानला गेले, तेव्हा त्यांचा दुभाषी हाच, कारण जपानी भाषा त्याला अस्खलित येत होती. १५९७ मध्ये नागासाकीला तो क्रुसावर मेला, १८६२ मध्ये संत झाला. व्यापारी माणूस वेदीवर चढला. मग व्यापाऱ्याचा स्टॉल पडवीतसुद्धा नको?

भाची : वेदीवर चढला तो दुकान खाली ठेवून, मामा.

मामा : (हसून) वकील व्हायला हवी होतीस. मग मला सांग, तुझ्या लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत शिरायला तिकीट का? आमच्याकडे निदान फाटक उघडं असतं.

भाची : पर्यटकाला तिकीट, उपासनेला येणाऱ्याला नाही. ॲबेला सरकार, राजघराणं किंवा चर्च ऑफ इंग्लंड यांच्याकडून नियमित पैसा मिळत नाही. शेकडो वर्षं जुना दगड तिकिटावर उभा आहे. जर्मनीत तशी वेळ सहसा येत नाही, कारण तिथे सभासदाच्या आयकराच्या आठ-नऊ टक्के इतका चर्च-कर सरकारच वसूल करून देतं. बार्सिलोनाची सग्रादा फामिलिया १८८२ पासून बांधताहेत. सुरुवात लोकांच्या देणग्यांवर झाली, आज बांधकामाचा मुख्य आधार पर्यटकांचं तिकीट आहे.

मामा : बघ! मग आमच्या स्टॉलनेच काय घोडं मारलं?

भाची : तिकिटाचं समर्थन नाही करत मी. एका मोठ्या कॅथीड्रलमध्ये सकाळची ड्युटी संपवून गेले होते. रात्रीत वॉर्डातला एक रुग्ण गेला होता. दारात रांग, कार्ड टेकवायचं यंत्र, ऑडिओ गाइड. मी म्हटलं, मला नुसतं बसायचंय. माणूस सभ्य होता. त्याने दोरी उचलून मला बाजूच्या लहान चॅपलमध्ये नेलं, पैसे घेतले नाहीत. पण मला कारण सांगावं लागलं. रडायला आलेय, हे अनोळखी माणसाला पटवून द्यावं लागलं. आणि बाहेरची वाट भेटवस्तूंच्या दुकानातूनच. मग पॅरिसचं नोत्र दाम बघा. १५ एप्रिल २०१९ ला जळलं, जगभरातून ऐंशी कोटी युरोंहून अधिक देणग्या आल्या, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. त्याआधी फ्रान्सच्या तेव्हाच्या संस्कृतिमंत्री रशिदा दाती यांनी पर्यटकांना पाच युरो तिकीट लावण्याची सूचना केली होती. कारणही चांगलं : त्या पैशातून देशभरातली मोडकळीला आलेली देवळं वाचवायची. पॅरिसच्या धर्मप्रांताने नकार दिला. यात्रेकरू कोण आणि पर्यटक कोण, हे दारात बसून ठरवायचं कोणी?

मामा : तेही खरंच. आत येताना पर्यटक असलेला माणूस बाहेर पडताना भाविक झालेला असू शकतो. पण नोत्र दामसाठी जग धावलं, बाय. आमच्या छपरासाठी कोण धावणार? आणि तुम्ही इंग्लंडवाल्यांनी तर हद्दच केलीत. देवळात घसरगुंडी!

भाची : नॉर्विच. ऑगस्ट २०१९. कॅथीड्रलच्या मधल्या दालनात जत्रेतली गोल घसरगुंडी, ५५ फूट उंच, एका फेरीला दोन पौंड. त्याच उन्हाळ्यात रॉचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये मिनी गोल्फ होतं. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कँटरबरीला, जिथे आर्चबिशप थॉमस बेकेटची ११७० मध्ये हत्या झाली, तिथे कानाला हेडफोन लावून डिस्को.

मामा : आई गं! आल्ताराच्या साक्षीने घसरगुंडी! लाज कशी वाटत नाही?

भाची : मामा, गंमत बघा हं. बिल्डरच्या स्टॉलवर तुम्ही सही केलीत, आणि घसरगुंडीने मात्र तुमचा जीव कळवळला. म्हणजे देवळात पैसा आलेला चालतो, हसू आलेलं नाही?

मामा : तसं नाही... पण गांभीर्य म्हणून काही असतं की नाही?

भाची : असतं. डिस्कोचा मलाही राग आला. मद्य विकून नाच करायला शहरात जागा कमी नव्हत्या. पण नॉर्विचवाल्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या छताला कमानी जिथे मिळतात तिथे हजाराहून जास्त कोरीव दगड आहेत, त्यांत बायबलच्या कथा आहेत. खालून मान मोडली तरी त्या दिसत नाहीत. घसरगुंडीच्या माथ्यावरून दिसतात. कधी देवळात न आलेली पोरं आली, वर चढली, छत पाहिलं. शेवटच्या दिवशी तिथल्या एका बिशपांनी घसरगुंडीवर बसून प्रवचन दिलं. मला स्वतःला ते आवडलं नसतं. पण त्यात निदान बाहेरच्याला आत घ्यायची धडपड होती. बिल्डरचं पत्रक आतल्याला बाहेर काढतं. माणूस प्रार्थनेत आणि मन कर्जाच्या हप्त्यात.

मामा : ठीक. आता जरा नियमाचं बोलू. कॅनन कायदा मीही वाचलाय. १२१० वं कलम : पवित्र जागेत उपासनेला आणि भक्तीला पोषक तेवढंच चालावं, जागेच्या पावित्र्याला बाधा येणार नसेल तर बिशप एखाद्या प्रसंगापुरती वेगळ्या वापराची परवानगी देऊ शकतात. १२२१ वं कलम : उपासनेच्या वेळी देवळात प्रवेश मुक्त आणि मोफत. १९८७ मध्ये रोमने देवळातल्या संगीत-मैफलींबद्दल पत्र काढलं, त्यातही हेच : तिकीट नको. म्हणजे पैशाला बंदी नाही, चौकट आहे. आणि येशूबद्दल म्हणशील, तर मार्कचाच बारावा अध्याय उघड. बाजार उधळल्यानंतर तोच येशू त्याच मंदिरात दानपेटीसमोर बसला, कोण काय टाकतो ते पाहत. गरीब विधवेने दोन छोटी नाणी टाकली, तिचं कौतुक केलं. सराफांचे चौरंग उलटणाऱ्याने दानपेटी नाही उलटली. मंदिराला पैसा लागतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

भाची : हा तुमचा सगळ्यांत भक्कम मुद्दा, मामा. पण त्यातच उत्तरही आहे. श्रीमंतांनी जास्त टाकलं, मोजलं गेलं विधवेचं. आणि आपल्या देवळात? फलकावर देणगीदारांची यादी, रकमेच्या उतरत्या क्रमाने. पंख्याच्या पात्यावर नाव, बाकाच्या पाठीवर नाव. ती विधवा आपल्याकडे आली, तर तिचं नाव कुठल्या पात्यावर लिहाल?

मामा : (थांबून) ती यादी मला तरी कुठे आवडते? पण यादी लावली की रक्कम वाढते. हा माझा अनुभव आहे, तत्त्वज्ञान नाही. आणि मी तुला उलटं विचारतो. स्टॉल नको, प्रायोजक नको, यादी नको. मग घरटी वर्गणी बसवायची? ती तर गरिबाला जास्त जाचेल. बाप्तिस्मा नाहीतर लग्न आलं की ऑफिसच्या खिडकीवर थकबाकी निघते. त्यापेक्षा बिल्डरच्या खिशातून गेलेलं काय वाईट?

भाची : वर्गणीची सक्ती वाईटच. संस्काराच्या दारात थकबाकी मागणं तर पत्रकापेक्षा वाईट.

मामा : अजून एक. देवळाचं पावित्र्य जपायचा उत्साह कोणाला आला की पहिला दंडुका कोणावर पडतो, सांगू? फाटकाबाहेर मेणबत्त्या, फुलं, भाजी घेऊन बसणाऱ्या बायांवर. बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत बघ. रस्त्यावर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं घेऊन विक्रेते बसतात. पाय दुखणारा मेणाचा पाय घेतो, घर हवं असलेला मेणाचं घर घेतो आणि मरियेपुढे ठेवतो. कोणी शिकलेला येतो आणि म्हणतो, केवढा बाजार! आणि त्याच्याच मागे बँकेच्या जाहिरातीची कमान असते, ती त्याला दिसत नाही. पावित्र्याच्या नावाने हुसकला जातो तो टोपलीवाला. कमानवाला राहतो.

भाची : हे मात्र शंभर टक्के. कमान पाडा, टोपली राहू द्या, या बाजूची मी.

मामा : मग रेघ कुठे मारायची ते सांग. नुसती टीका नको. आपल्या सणाला काय काय आहे, एकेक घे.

भाची : घेते. ‘सुवार्ता’ मासिकाचं आणि बायबलचं टेबल?

मामा : भक्तीला पोषक. राहील. पण दाराच्या एका बाजूला, मधोमध नको.

भाची : महिला मंडळाचा खाण्याचा स्टॉल, फुगे आणि इंदाळ?

मामा : सभागृहात. मिस्सा संपल्यावर. तो वास मिस्सेच्या वेळी आत आला, तर माझंही लक्ष उडतं.

भाची : लिलाव?

मामा : तो कसा बंद करशील? केरळच्या सिरियन चर्चांच्या आवारात उपासनेनंतर लिलाव होतो, आपल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या हंगामाच्या सणातही होतो. कोणी पहिली केळी आणतो, कोणी कोंबडा, कोणी अंडी. पाच रुपयांचं लिंबू पाचशेला जातं आणि घेणारा खूश.

भाची : तिथे मला काहीच खुपत नाही. पाच रुपयांचं लिंबू पाचशेला घेणारा माणूस खरेदी करत नसतो, दान करत असतो. आणि ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याने लिंबू दिलेलं असतं, म्हणजे त्याचंही दान पाचशेचं झालं. बिल्डरच्या स्टॉलवर गोष्ट उलटी. तो भाडं देतो ते पन्नास लाखांचं घर विकायला. आपण त्याला पडवी विकत नाही, मामा. पडवीत माणसांच्या मनात देवळाबद्दल जो विश्वास असतो, तो विकतो. उद्या इमारत बेकायदा निघाली, तर लोक काय म्हणतील? ‘चर्चमध्येच तर स्टॉल होता.’

मामा : ...हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वसईत बेकायदा इमारतीत फसलेली माणसं मी बँकेच्या काउंटरवर रडताना पाहिलीत.

भाची : मग?

मामा : मग पुढच्या सभेत मांडतो. पण मांडव आणि साउंडचे पैसे?

भाची : मांडव लहान करा. नाहीतर खर्चाचा कागद लोकांपुढे ठेवा : छप्पर इतकं, वीज इतकी, पगार इतका, जमा इतकी. दानाचा हिशेब लोकांना द्यावा, हेही कॅनन कायद्यातच आहे. १२८७ वं कलम. देणगीदारांची यादी उतरवा आणि त्याच फलकावर हिशेब लावा. दहाच्या नोटा का येतात, मामा? लोकांना वाटतं, चर्चकडे खूप आहे. छप्पर गळतंय हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

मामा : आणि सांगूनही दहाचीच नोट आली तर?

भाची : तर छपराखाली बादली ठेवू. गळतं देऊळ चालेल मला.

मामा : मला नाही चालणार. फादरना तर मुळीच नाही. बादलीत पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात प्रवचन ऐकून बघ एकदा! छपरासाठी मी पैसा मागत राहणार, त्यात मला कमीपणा नाही. फक्त पडवीत मागणार नाही, एवढं तुझं मान्य.

संवाद इथे थांबला, मिटला नाही. आणि तो मिटू नये. देवळाला खर्च असतो हे मामांचं खरं, आणि दाराशी उभ्या माणसाची जागा विकायला नसते हे भाचीचं खरं. दोघांच्या मधून जाणारी कसोटी एकच : इथे जे विकलं जातंय, त्यामुळे ज्याच्या खिशात काही नाही आणि ज्याला काही विकत घ्यायचं नाही, त्याची प्रार्थना अडते का? अडत असेल, तर भाडं कितीही मोठं असो, तो स्टॉल हलवावा. अडत नसेल, तर मेणबत्तीवालीला उगाच उठवू नये.

तुमच्याही पॅरिशचा किंवा मंडळीचा सण जवळ आला असेल. प्रायोजकांची नावं ठरवायला सभा बसेल, तेव्हा हा एक प्रश्न तिथे विचारा. आणि तो विचारण्याचा हक्क राहावा, म्हणून येत्या रविवारी दहाची नोट खिशातच ठेवून जरा मोठी काढा.